पाचवे शील आणि कॉलेजातली आपली मुले

मागच्या वर्षावासातली गोष्ट आहे. विहारात ग्रंथवाचन संपले, खीरदान झाले, मंडळी पांगली. चपला घालता घालता शेवगावकडच्या एका उपासिकेने आम्हाला बाजूला बोलावले. वय पन्नाशीच्या आतले, पण ऊसतोडीने पाठ वाकलेली. म्हणाली, "भाऊ, ह्याचा बाप दारूनं गेला. म्हणून ह्याला कोयत्यावर न नेता शिकायला ठेवला. आता हा बी तसंच कराया लागलाय. तुमच्याकडं काय पुडी-बिडी असंल तर द्या. भाजीत घालून देते, त्याला कळायचं नाही."

मुलगा नगरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घराण्यात बारावी ओलांडणारा पहिलाच. पोलीस भरतीची तयारी चालू, पहाटे पाचला मैदानावर धावणारा. नाव ऐकले आणि आम्ही जागीच गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच वसतिगृहात आम्ही व्यसनमुक्तीवर व्याख्यान दिले होते. यकृताचे काळे पडलेले चित्र दाखवले होते, कवटीचे पोस्टर लावले होते. त्या दिवशी आभारप्रदर्शन याच मुलाने केले होते, आणि फार चांगले केले होते!

बंधू-भगिनींनो, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे. दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी नव्हे. ते त्या मुलालाही पाठ होते. आपण सांगतो ते त्याच्यापर्यंत का पोहोचले नाही, हे शोधण्यासाठी.

आपण दर कार्यक्रमाला त्रिसरण-पंचशील घेतो. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आईबापांकडून, आजोबा-आजींकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची. पण हे शील आले कसे, हे किती मुलांना माहीत आहे? विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. हा मोठा सामर्थ्यवान. अंबतीर्थाजवळ लोकांना छळणाऱ्या एका नागाला त्याने वश केले. त्याची कीर्ती कौशांबीला पोहोचली. लोकांना वाटले, एवढ्या मोठ्या माणसाचा सत्कार कशाने करावा? घरोघरी त्याला मद्य देण्यात आले. ते पिऊन सागत नगराच्या वेशीपाशी कोसळला. भिक्खूंनी उचलून विहारात आणले, तथागतांकडे डोके करून निजवले, तर हा उलटा फिरून त्यांच्याकडे पाय करून झोपला. तथागतांनी विचारले, जो काल नागाशी झुंजला, तो आज साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय? त्यानंतर मद्यपानाबद्दलचा नियम झाला.

या कथेत आम्हाला दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या वाटतात. पडला तो दुबळा माणूस नव्हता. आणि त्याला पाजणारे शत्रू नव्हते, चाहते होते. कॉलेजातल्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडते. आमच्या त्या मुलाला पहिली बाटली कोणी गुंडाने दिली नाही. धावण्याच्या चाचणीत पहिला आला म्हणून मित्रांनीच पार्टी केली. गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दोष दिले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, अब्रू जाते, लाज उरत नाही, बुद्धी क्षीण होते. आणि त्याच सुत्तात पुढे म्हटले आहे की प्यायला सोबत येणारा मित्र हा मित्राच्या रूपातला शत्रू समजावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या वसतिगृहाच्या खोलीला तंतोतंत लागू पडते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा हा साखरेचा जिल्हा. लोणीजवळ १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग नदीकाठ कारखान्यांनी भरून गेला. साखर झाली की मागे मळी उरते. मळी आंबवून मद्यार्क निघतो आणि त्याच मद्यार्कापासून देशी दारू बनते. आज बराचसा मद्यार्क इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जातो हे खरे. पण देशीचे दुकान काही बंद झालेले नाही. म्हणजे ज्या उसावर आपल्या आयाबाया कोयता चालवतात, त्याच उसाची मळी बाटलीत भरून आपल्याच वस्तीच्या तोंडाशी विकायला येते. हरेगाव हेही साखर कारखान्याचेच गाव. तेथे डिसेंबर १९३९ मध्ये महार-मांग वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी वतनाच्या गुलामगिरीवर आसूड ओढला होता. वतन गेले. मळीचे वतन मात्र आपण होऊन गळ्यात बांधून घेतले आहे!

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेये व घातक द्रव्ये यांना बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे स्पष्ट लिहिले आहे. पण उत्पादन शुल्काचा पैसा तिजोरीत यायला हवाच असतो. तेव्हा एका हाताने व्यसनमुक्तीचा सप्ताह आणि दुसऱ्या हाताने परवाने, असा हा कारभार आहे. साखरपट्ट्यात तर कारखाना आणि कॉलेज यांच्या संचालक मंडळात पुष्कळदा तीच ती नावे दिसतात. त्यांच्या हस्ते व्यसनमुक्ती रॅलीचे उद्घाटन होताना आम्ही पाहिले आहे. हसावे की रडावे?

निवडणुकीचे दिवस तर विचारूच नका. ढाब्यावरची चिठ्ठी दाखवायची, जेवण आणि बाटली फुकट. प्रचाराला पोरे कुठली? कॉलेजातली, रिकाम्या हातांची. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या निवडणुकीत नगर तालुक्यातल्या पांगरमल गावी अशाच एका जेवणावळीत दारू वाटली गेली. ती विषारी निघाली आणि घरेच्या घरे उघडी पडली. तपासात काय निघावे? बनावट दारू तयार होत होती ती थेट नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात! त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसे अशीच मेली होती. मरणारे सगळे हातावर पोट असणारे. अशा दारूत मिथेनॉल असते. प्यायल्यावर ते लगेच कळत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, काही तासांनी डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळा येतात, श्वास जड होतो. ही लक्षणे दिसली की 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणत झोपवू नये. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यावे. वेळेत उपचार झाले तर जीव आणि डोळे दोन्ही वाचू शकतात.

दारूवर थांबले असते तरी एक वेळ आवरता आले असते. आमच्या तरुणपणी मुंबई-पुण्याकडून 'गर्द' हा शब्द यायचा. आता एमडी म्हणजे मेफेड्रोन ही पांढरी पूड आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडी बनवणारा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक. खेड्यातल्या पोराला एमडी परवडत नाही. त्याच्या वाट्याला गांजा येतो, झोपेच्या गोळ्या येतात, खोकल्याचे औषध येते. लहान पोरे तर पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगतात. आई रुमाल धुते आणि तिला वाटते, पोरगा गॅरेजात काम शिकतो आहे.

आमच्या त्या मुलाचे असेच झाले. आधी बिअर. ती महाग पडू लागली तेव्हा देशी. मग खोलीतल्या एकाने गांजा आणला, 'ह्याचा वास तोंडाला येत नाही, सकाळी पळायला त्रास नाही' म्हणून. भरतीत थोडक्या गुणांनी गेल्यावर झोप येईना, तेव्हा गोळ्या. हे सारे त्याने आम्हाला नंतर सांगितले. सांगताना म्हणाला, "सर, तुमच्या व्याख्यानातला माणूस म्हातारा होता, खोकत होता. आम्ही तर रोज पाच किलोमीटर पळत होतो. ते आमच्याबद्दल आहे असं वाटलंच नाही."

हे उत्तर आम्ही विसरू शकत नाही. भीती दाखवून मुले थांबतात अशी आमची समजूत होती. ती आमचीच नव्हे, जगाचीही होती. अमेरिकेत १९८३ पासून लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळाशाळांत जाऊन मादक पदार्थांविरुद्ध धडे देण्याचा 'डेअर' नावाचा कार्यक्रम चालवला. देशभर पसरला, पाण्यासारखा पैसा गेला. पुढे अभ्यासकांनी तपासले तर धडे घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले यांच्यात टिकाऊ फरक काही दिसला नाही. याउलट आइसलँड या छोट्या देशाचे पाहा. १९९८ मध्ये तेथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्यात एकदा तरी दारूने झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी केले काय? मुलांना खेळ, संगीत, नृत्य यांसाठी जागा आणि पैसा दिला. आईबापांना एकत्र बसवून मुले रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणार नाहीत असे एकमेकांत ठरवून घेतले. कोवळ्या वयात दारू-तंबाखू मिळणार नाही असा कायदा पाळला. तो श्रीमंत देश आहे, आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे कबूल. पण कबड्डीचे मैदान, विहारातली अभ्यासिका आणि चार आयांची बैठक याला किती पैसा लागतो?

त्यानंतर आम्ही व्याख्यान सोडले. एका राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचे नाही. आपल्या वर्गातले किती जण पितात असे वाटते, ते लिहा. आणि आपण स्वतः पिता का, ते लिहा. चिठ्ठ्या सर्वांसमोर फोडल्या. दुसऱ्यांबद्दलचा अंदाज भलताच मोठा, स्वतःबद्दलची कबुली फारच थोडी. काही जण चिठ्ठीतही खोटे बोलले असतील, आम्ही एवढे भोळे नाही. तरी फरक एवढा होता की पोरे एकमेकांकडे बघत राहिली. 'सगळेच पितात' या एका वाक्याने किती पोरे पहिला घोट घेतात! देशपातळीवरची पाहणी काय सांगते? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. आकडा भयंकर आहेच. पण उलटून वाचा: शंभरातले पंच्याऐंशी पीत नाहीत. पुरुषांतही चौघांतले साधारण तिघे पीत नाहीत. न पिणारा मुलगा एकटा नाही, तो बहुमतात आहे. हे त्याला कोणी सांगतच नाही.

आणि 'नाही' म्हणायचे कसे, हेही शिकवावे लागते. पोरांना आम्ही नाटकासारखे प्रसंग करायला लावतो. एक आग्रह करणार, दुसरा टाळणार. "बापाची शपथ आहे" म्हटले की समोरचा हसतो. "उद्या पळायचंय" म्हटले की एकदा टळते. "मी घेत नाही, तू घे, मी चहा पितो" असे सरळ सांगणारा मात्र पुढे कोणी फारसा छळत नाही. या खेळात पोरे मनापासून रमतात.

काही गोष्टी आपल्या घरच्या आहेत, त्याही बोलल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीचे किंवा स्वाधारचे पैसे वर्ष-सहा महिने रखडतात आणि मग एकदम खात्यात पडतात. तोपर्यंत मेसची उधारी झालेली असते. ज्या दिवशी पैसे पडतात त्या रात्री खोलीत पार्टी ठरलेलीच. त्या दिवशी आईने किंवा थोरल्या भावाने फोन करून, आधी मेसचे आणि पुस्तकांचे भागव, एवढे म्हटले तरी फरक पडतो. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. महाराजांची शिष्यवृत्ती होती, परका देश होता, विचारणारे कोणी नव्हते. त्यांनी त्या पैशातून पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके घेतली. हे उदाहरण आम्ही वसतिगृहात देतो तेव्हा पोरे पुतळ्याकडे बघावे तसे बघतात. म्हणून आम्ही आता असे सांगतो की तेही त्या वेळी तुमच्यासारखेच खोलीत राहणारे, घरची आठवण काढणारे विद्यार्थी होते.

दुसरी गोष्ट जयंतीची. चौदा एप्रिलला डीजेपुढे झिंगून नाचणारा तरुण 'जयभीम' ओरडतो तेव्हा आमची मान खाली जाते. काही मंडळांनी मिरवणुकीत पिऊन येणाऱ्याला पट्टा न देण्याचा नियम केला आहे, त्यांचे अभिनंदन. पण वर्गणी कोणाकडून घेता हेही पाहा. देशी दुकानदाराची पावती फाडायची आणि त्याच मंडपात पंचशील घ्यायचे, हे चालणार नाही.

व्यसन जडलेल्या मुलाला मारावे काय? आपल्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी दारूमुक्तीसाठी देशभर गाजले. १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी तेथे हातभट्ट्या बंद करवल्या, हे काम मोठेच. पण पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके देण्याची जी पद्धत तेथे होती, ती आम्हाला मान्य नाही. खांबाला बांधणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. भट्टी बंद करा, दुकान बंद करा. माणसाला बांधू नका. दुकान बंद करण्यासाठी कायद्याचा मार्ग आहे. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते. निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की नवरा असो वा मुलगा, पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. ती ताकद आज मतपेटीत आली आहे.

आता त्या पुडीबद्दल. 'रोग्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींना कृपा करून फसू नका. काही पुड्यांत डायसल्फिराम नावाचे औषध असते. ते पोटात असताना वरून दारू पडली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रोग्याला सांगूनच द्यायचे असते. देवऋषी, ताईत, माळ यांबद्दल तर बौद्ध घरात बोलायचीही गरज पडू नये. तशीच दुसरी चूक म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करणे. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. ते दिवस दवाखान्यातच काढावेत.

व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट महाराष्ट्राला पटवली ती पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. पस्तीस दिवसांचा उपचार, घरच्यांचेही समुपदेशन, आणि घरी गेल्यावर वर्षानुवर्षे पाठपुरावा. पुन्हा पाय घसरला तर हाकलून देत नाहीत. हे सगळे असूनही, वर सांगितलेल्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते असे आढळले. बाकीचे सदतीस कोठे आहेत? आपल्या घरांत आहेत. लाजेने झाकलेले आहेत.

पोरांना कायदा माहीत असावा. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांखालच्याला दारू आणि एकवीसखालच्याला बिअर विकता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या २७ व्या कलमाखाली नुसते सेवन हाही गुन्हा आहे. पदार्थाप्रमाणे सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा. भरतीच्या पोराला शिक्षेपेक्षा चारित्र्य पडताळणीची नोंद जास्त जड जाते. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे. थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालवू नये अशी ती तरतूद आहे. धमकीबरोबर ही दारेही दाखवली पाहिजेत.

त्या उपासिकेला आम्ही पुडी दिली नाही. तिला राग आला, दोन आठवडे विहारात आली नाही. मग एका रविवारी मुलालाच घेऊन आली. तो मान वर करत नव्हता. आम्ही व्याख्यान दिले नाही, चहा पाजला. सोबत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी केल्या. खोली बदलली. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा घसरला, आणि या वेळी रात्री अकराला त्यानेच फोन केला. आई म्हणाली, "बाप असाच पडायचा, पन त्यानं कधी कुणाला फोन नाय केला."

यंदा त्याने परीक्षेचा अर्ज भरला आहे. राहिलेले दोन विषयही त्यात आहेत. पौर्णिमेला विहारात येतो, लहान मुलांना पळायला नेतो. पुढचे आम्ही सांगत नाही, त्यालाही माहीत नाही.

ज्यांच्या घरी असा मुलगा असेल त्यांनी केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर बोलावे. मन खचले असेल, झोप नसेल, तर १४४१६ वर टेली-मानसमध्ये मराठीत बोलता येते. मुलगा बोलायला तयार नसला तरी आईने आधी फोन करायला हरकत नाही.